डावा कान आणि लाल झेंडा

मला डाव्या कानाने काहीही ऐकू येत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण हेच वाक्य मी पाच महिने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यापायी एका मुलाचं खांद्याचं हाड मोडलं आणि दुसऱ्या मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

आजाराचं इंग्रजी नाव डॉक्टरांनी मला दोन वेगवेगळ्या कागदांवर लिहून दिलं आहे. ते इथे उतरवत नाही. डाव्या कानाच्या आत, मेंदूला टेकून, बोराएवढी गाठ होती. कर्करोगाची नव्हती. आता काढली आहे. आमचं वैद्यकशास्त्र इथे संपलं. ज्यांच्या एका कानात सतत शिट्टी वाजते, जे कॉरिडॉरमध्ये भिंतीच्या कडेकडेने चालतात आणि ज्यांनी अजून घरी काही सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी मी लिहितो आहे. बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचायला हरकत नाही. मला गंमत केल्याशिवाय बोलता येत नाही, आणि त्याच सवयीने माझा घात केला. ते पुढे येईलच.

अम्मी

मी सुरेश, देवरुखकडचा, वय बावन्न. वीस वर्षं सौदीत स्कॅफोल्डिंगचं काम करतोय, म्हणजे आपल्या भाषेत परांच्या बांधतो. आधी रास तनुराला, मग जिझानला, शेवटी तबूकला. तबूकला एका कॉलेजने स्कीइंगचा उतार बांधायला काढला. तुम्ही हसलात ना? मीही हसलो होतो. फोरमनने ड्रॉइंग पसरलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी घसरगुंडी काढताना शेवटी दमून पेन वर उचललंय.

बर्फाचा पत्ता नाही. टेकडीच्या उतारावर प्लॅस्टिकच्या ब्रशांसारख्या चटया अंथरलेल्या, त्यांच्यावर पाण्याचे फवारे. मध्ये आम्ही पाइपांवर उभारलेला रॅम्प, शेवटाला आभाळाकडे वळलेला. रॅम्पच्या पुढे हवा भरलेली गादी, आमच्या गावच्या शाळेएवढी. पायांत स्की बांधलेली मुलं वरून सुसाट येतात, रॅम्पवरून हवेत उडतात, तिथे गिरक्या नि कोलांट्या घेतात आणि गादीत पडतात. याला फ्रीस्टाइल स्कीइंग म्हणतात. बांधकाम संपल्यावर कॉलेजने मला ठेवून घेतलं. पाइप, चटया, गादी आणि लाल झेंडा ही माझी चार खाती.

टीममध्ये अकरा मुलं. त्यांच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात वात्रट तो रकान. पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मी, पाणी कुठंय?" मी मागे वळून पाहिलं. बाई कुठे दिसेना. मग कळलं की अरबीत अम्मी म्हणजे काका. वीस वर्षं राहून मला हे माहीत असायला हवं होतं, पण परांचीवर कुणी कुणाला काका म्हणत नाही.

कॅम्पमध्ये माझ्या खोलीत शौकतभाई असतो. श्रीवर्धनचा, एसीचा मेकॅनिक, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याला अरबी चांगली येते, त्यामुळे त्याला जास्तच हसू आलं. त्या दिवसापासून सगळा कॅम्प मला विचारायला लागला, "अम्मीजान, आज काय शिजवलंय?"

आणि कॅप्टन फादी. इथे खेळाच्या कोचला कॅप्टन म्हणतात. हा लेबनॉनच्या डोंगरातला, खऱ्या बर्फात वाढलेला, त्यामुळे प्लॅस्टिकवर कायमचा चिडलेला. त्याचा एक नियम होता. जो गादीपाशी उभा राहणार, त्याला स्वतःला पडता आलं पाहिजे. म्हणून पन्नाशीत मला स्की बांधून खालच्या सपाट उतारावर सोडण्यात आलं.

डावीकडे

मी उत्तम पडायचो. नुसता पडायचो नाही, पडल्यावर बसल्या बसल्या हेल्मेट काढून चारी दिशांना नमस्कार करायचो. मुलं आधी स्वतःचा सराव थांबवून माझा प्रयोग बघायला यायची. वॉर्मअपला मी त्यांच्याबरोबर उड्या मारायचो, एका पायावर उभा राहायचो, पडायचो, पुन्हा नमस्कार. कॅप्टन ओरडायचा, "पायाकडे बघू नकोस. जिथे जायचंय तिकडे बघ."

एकदा रकानने विचारलं, "अम्मी, तू नेहमी डावीकडेच का पडतोस?"

"उजवीकडे कॅप्टन उभा असतो म्हणून."

सगळे हसले. फहद तेवढा हसला नाही. फहद हा रियाधचा, बारीक, गंभीर चेहऱ्याचा मुलगा. बूट तीनदा तपासल्याशिवाय रॅम्पवर चढायचा नाही. तो म्हणाला, "पण खरंच आहे. मी आठवडाभर बघतोय. दर वेळी डावीकडेच."

त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी विनोदच केला असणार.

शिट्टी तेव्हा सुरू झाली होती. प्रेशर कुकर शेजारच्या घरात असावा तशी, बारीक आणि न थांबणारी. फोन डाव्या कानाला लावला की पलीकडे कुणी नसायचंच. शौकतभाईने लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. "मळ असेल," तो म्हणाला. तेलाने उशी खराब झाली. मग मी धुळीला दोष दिला, मग एसीला. एसीला दोष दिला म्हणून शौकतभाई दोन दिवस बोलला नाही.

आणि चक्कर. ज्या टीममधली मुलं हवेत दोन-दोन गिरक्या घेऊन हसत उठतात, तिथे जमिनीवर नुसत्या उभ्या असलेल्या माणसाने मला चक्कर येते म्हणून कुणाला सांगायचं? एकदा सांगूनही पाहिलं. रकान म्हणाला, "किती डिग्रीची, अम्मी? तीनशे साठ की सातशे वीस?" मी म्हणालो, "सातशे वीस, आणि लँडिंग खराब." झालं. विषय हसण्यावारी गेला, आणि नेला मीच.

हसण्याखाली भीती होती, ती लिहून टाकतो. उंचावर काम करणाऱ्याची दर वर्षी तपासणी होते. कान आणि तोल हे दोन रकाने त्यात असतात. ते रकाने कोरे राहिले तर मचाणावर चढता येत नाही. मचाणावर चढता येत नसेल तर नोकरी नाही, नोकरी नसेल तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नाही, आणि वीस वर्षांनी मी देवरुखला बॅग घेऊन उतरतोय, मुलगी गौरीचं कॉलेज अर्ध्यावर. तपासणीला अजून काही महिने होते. तोवर बरं वाटेल, असं मी स्वतःला रोज सांगायचो, उजव्या कानात.

झेंडा

रॅम्पच्या वर थांबलेल्या मुलाला गादीत काय चाललंय ते दिसत नाही. त्याला फक्त झेंडा दिसतो. झेंडा वर म्हणजे थांब, खाली म्हणजे ये. गादीत पडलेला मुलगा खोल रुततो, तो कडेच्या मचाणावरून मलाही दिसत नाही. तो धडपडत कडेला येतो, घसरून खाली उतरतो आणि ओरडतो, "खलास." तो शब्द ऐकला की मी झेंडा खाली करायचा. आपल्याकडे माणूस खलास होतो, इथे काम खलास होतं. झालं, संपलं, मोकळं, एवढाच अर्थ. दिवसातून शंभर वेळा मी तो ऐकायचो.

एक कान गेला की कमी ऐकू येतं, हे कुणालाही कळेल. आवाज कुठून आला तेही कळेनासं होतं, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळचा सराव होता, ऊन डोळ्यांवर येत होतं. रकानने उडी मारली आणि गादीत पडला. पडताना त्याची एक स्की पायातून सुटली, ती तो आत शोधत बसला होता. हे मला नंतर कळलं. गादीच्या पलीकडे, माझ्या उजव्या हाताला, फवाऱ्यांच्या टाकीत पाणी भरायला टँकर आला होता. टाकी भरली. ड्रायव्हरने पाइप काढला आणि त्याच्या सोबत्याला ओरडून सांगितलं, "खलास."

मी झेंडा खाली केला.

फहद निघाला. तो हवेत असताना गादीतून रकानचं डोकं वर आलं, हातात स्की. मी झेंडा वर केला. का केला ते विचारू नका. हवेतला माणूस झेंडा बघून थांबणार होता का? पण हात वर गेला.

फहद त्याच्यावर पडला. स्कीची कड रकानच्या खांद्यावर बसली. तो आवाज मला उजव्या कानाने व्यवस्थित ऐकू आला.

कॅप्टन धावत आला. रकानला उताणं ठेवलं, कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. मग कॅप्टन उभा राहिला आणि म्हणाला, "झेंडा?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. झेंडा वर होता.

"खाली होता," फहद म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी निघालो तेव्हा खाली होता."

कॅप्टनने मला विचारलं, "अम्मी?"

"वर आहे, कॅप्टन," मी म्हणालो. मी भूतकाळ वापरला नाही, एवढी हुशारी मला त्या क्षणीही सुचली.

कुणीतरी मोबाइलवर उडीचं चित्रण केलं होतं. त्यात फहद होता, रॅम्प होता, आभाळ होतं. मचाण नव्हतं. फहदला टीममधून काढलं. झेंडा न बघता उडी मारणाऱ्याला कॅप्टन दुसरी संधी देत नाही, आणि मुलांच्या जिवाचा प्रश्न असताना देऊही नये.

हमीद

त्यानंतर दहाएक दिवसांनी मी कॅम्पच्या बाथरूममध्ये पडलो. डावीकडेच. नमस्कार केला नाही. शौकतभाईने दार ढकललं, मला उचललं आणि कपडे चढवून हॉस्पिटलला नेलं. तिथे एमआरआयच्या नळीत मला अर्धा तास झोपवलं. आत हातोडे मारल्यासारखे आवाज येतात. मी ते फक्त उजवीकडून ऐकत होतो, आणि तिथे पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं की डावीकडे काहीच उरलेलं नाही.

डॉक्टर इजिप्तचे होते, गोल चेहऱ्याचे, घाईत असलेले. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि शौकतभाईशी भराभर अरबीत बोलायला लागले. मला त्यातला एकच शब्द पुन्हा पुन्हा कळत होता. हमीद. डॉक्टर हमीद म्हणायचे, शौकतभाई मान हलवायचा.

मी म्हणालो, "हा हमीद कोण? त्याचा रिपोर्ट बघतायत का? माझा कुठंय?"

शौकतभाईने मला गप्प केलं आणि डॉक्टरांना विचारलं, "हमीद की खबीस? नक्की सांगा."

आता खबीस म्हटल्यावर आपल्या कोकणातल्या माणसाला काय ऐकू येणार? खवीस. पिंपळावरचा. डॉक्टर समोर बसून माझ्या डोक्यात भूत आहे का, याची चर्चा करत आहेत असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते पटायलाही लागलं होतं.

"अरे येड्या," शौकतभाई म्हणाला, "हमीद म्हणजे साधी गाठ. खबीस म्हणजे कॅन्सर. तुझी हमीद आहे. पण काढायला लागेल. वाढली तर तोंड, गिळणं, सगळ्यावर येईल." मग थोडं थांबून म्हणाला, "कान मात्र परत यायचा नाही."

बाहेर येऊन आम्ही पार्किंगमध्ये बसलो. त्याने चहा आणला. मी त्याला झेंड्याचं सांगितलं, टँकरचं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि कपाची कड नखाने कुरतडत होता.

"त्या पोराला काढलाय?" त्याने विचारलं.

"काढलाय."

"आता सांगितलंस तर तुला काढतील. इकामा जाईल, त्याच्याबरोबर विमा. ऑपरेशन कोण करणार?"

"म्हणून विचारतोय."

त्याने कप खाली ठेवला. "आधी डोकं उघडू दे," तो म्हणाला, "मग तोंड उघड."

माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात सोयीचा सल्ला. तो देताना शौकतभाईने माझ्याकडे बघितलं नाही. मी लगेच मानला.

पासपोर्टच्या फोटोसारखं

बायकोला, शुभांगीला, सांगायला मी शब्द जुळवत होतो. त्याची गरज पडली नाही.

"अहो, जरा सरळ बघा," व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली. "पासपोर्टच्या फोटोसारखं."

"का?"

"चार महिने झाले, तुम्ही मान वाकडी करून बोलताय. फोन नेहमी उजव्या अंगाला. त्या कानाला काय झालंय?"

मी विनोद करायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "विनोद नको." म्हणून सांगितलं, गाठीपर्यंत सगळं. ती रडली नाही. तिने गौरीला हाक मारली, वही मागवली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. ती लिहीत होती. मध्येच पेन थांबलं.

"इकडे या. इथे करू."

"इथे विमा आहे. रियाधला मोठ्या हॉस्पिटलात पाठवतायत."

"मग मी येते."

व्हिसाला लागणारा वेळ आणि ऑपरेशनची तारीख जुळेना. त्यावरून आमची दोन आठवडे भांडणं झाली. फोन ठेवताना ती म्हणायची, "तुमच्याशी भांडायला माणूस समोर लागतो, ही काय कटकट आहे." गौरी इंटरनेटवर वाचायची आणि मला धीर द्यायला निरोप पाठवायची. त्यांतले निम्मे निरोप वाचून मला घाम फुटायचा. शेवटी मी तिला सांगितलं, "बाळा, तू फक्त कॉलेजचं वाच."

घरात गाठीचं नाव हमीद पडलं. "हमीद काय म्हणतोय?" शुभांगी विचारायची. पाहुण्याचं विचारावं तसं. झेंड्याचं मात्र मी तिलाही सांगितलं नाही. तिच्या वहीत ते लिहिलं जावं, असं मला वाटेना.

अर्धं तोंड

रियाधला शौकतभाई चार दिवसांची रजा काढून बरोबर आला. ऑपरेशनच्या सकाळी डोक्याची डावी बाजू भादरली. बीना नावाची केरळची नर्स होती. तिने हिंदीत विचारलं, "डर लग रहा है, अंकल?" मी म्हणालो, "अम्मी बोलो." तिला काही कळलं नाही, पण हसली. ट्रॉली ढकलत नेताना छतावरचे दिवे एकेक मागे जात होते आणि माझ्या डोक्यात देवाचं नाव यायचं सोडून फहदचा पांढरा चेहरा येत होता. मी मेलो तर तो आयुष्यभर झेंडा न बघणारा मुलगा राहील, एवढा एकच विचार. मग मास्क आला.

जाग आली तेव्हा खोली फिरत होती. सातशे वीस. पुढचे तीन दिवस मी उलट्या करत होतो, म्हणून त्यांचं वर्णन करत नाही. चौथ्या दिवशी बीनाने आरसा दिला. चेहऱ्याची डावी बाजू ओघळली होती. डावा डोळा मिटत नव्हता, त्यावर पट्टी. हसलो तर उजवीकडचं तोंड हसायचं आणि डावीकडचं ऐकून घ्यायचं. नकला करून जगलेल्या माणसाचं अर्धं सामान गेलं. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत बरंचसं परत येईल. बरंचसं आलंही आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्या आठवड्यात आरसा मागू नका.

छोट्या गोष्टी छोट्या नव्हत्या. बीना पाणी द्यायची तेव्हा स्ट्रॉ तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरायची, न सांगता. शौकतभाईने जाण्याआधी पलंगाच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: इकडून बोलू नका. अरबी, इंग्रजी, हिंदी आणि खाली मराठी. मराठी कुणासाठी होतं, ते त्यालाच ठाऊक.

खजूर

सहाव्या दिवशी दुपारी दारात फहद उभा होता. अंगात पांढरा पायघोळ थोब, हातात खजुराचा डबा. सुट्टीत तो रियाधला घरी आला होता. कुणाकडून तरी कळलं म्हणून भेटायला आला. इथे आजारी माणसाला भेटायला जाणं कुणी टाळत नाही.

तो बसला. माझ्याकडे बघून डोळे खाली घातले. मग म्हणाला, "अम्मी, मी माफी मागायला आलोय."

मी उशीला टेकून बसलो.

"तुलाही त्या दिवशी त्रास झाला असेल. मी म्हणालो झेंडा खाली होता. मला खरंच खाली दिसला होता. सगळे म्हणतात वर होता. मी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, उत्तम आहेत." तो बोटातली अंगठी फिरवत होता. "मग दोष आत कुठेतरी असणार. मी गाडी चालवणं बंद केलंय. सिग्नल हिरवा दिसला तरी वाटतं, खरंच हिरवा आहे का? मागचे हॉर्न वाजवतात."

माझं तोंड अर्धंच चालत होतं. प, ब, म म्हणताना वारा सुटायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी एक वाक्य विनोदाशिवाय, अभिनयाशिवाय बोललो, कारण चेहराच नव्हता. "झेंडा खाली होता. मी खाली केला होता. तुला बरोबर दिसलं."

तो म्हणाला, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. टँकर, खलास, कान, आणि वर केलेला झेंडा. मग त्याने फोन काढला. "कॅप्टनला तू सांगणार की मी?"

"मी."

"आता."

त्याने नंबर लावून फोन माझ्या डाव्या कानाशी धरला. मी वाट बघत राहिलो. काहीच ऐकू येईना. मग त्याने तो भिंतीवरचा कागद वाचला, उठून पलीकडे आला आणि फोन उजव्या कानाशी धरला. कॅप्टन केव्हाचा हॅलो हॅलो करत होता. मी सांगितलं. कॅप्टन म्हणाला, "आधी बरा हो. मग तुला काय बोलायचं ते मी बोलेन."

जाताना फहदने खजुराचा डबा उचलला. दारापर्यंत गेला, थांबला, परत आला आणि डबा टेबलावर ठेवून निघून गेला. तो घेऊन गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

भिंतीवरचा हात

चालायला पुन्हा शिकावं लागतं, हे खरं आहे. तोल सांभाळायचं अर्धं यंत्र काढून घेतलेलं असतं, उरलेल्या अर्ध्याला सगळं नव्याने शिकवायचं. कॉरिडॉरमध्ये एक हात भिंतीवर, टाचेपुढे टाच. फिजिओ म्हणाली, "पायाकडे बघू नका, समोर दाराकडे बघा." मला एवढं हसू आलं की मी पडता पडता राहिलो. कॅप्टन फादीने हे फुकट शिकवलं होतं.

तबूकला परतलो तेव्हा कॅप्टन बोलला. तीन भाषांत, वीस मिनिटं, माझ्या उजव्या बाजूला उभा राहून, कुठलंही वाक्य वाया जाऊ नये म्हणून. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही आणि काही चूकही नव्हतं. मचाणावरून मला कायमचं उतरवलं. गादीपाशी आता झेंडाच नाही. गादीतून उतरणारा मुलगा स्वतः बटण दाबतो आणि वर हिरवा दिवा लागतो. मला हाकलतील असं मी धरून चाललो होतो. तो निर्णय महिनाभर लोंबकळत राहिला. त्या महिन्यात शुभांगीला सगळं सांगितलं. तिने वही आणली नाही. एवढंच म्हणाली, "त्या फहदच्या आईला मी फोन करू शकते का?" मी म्हणालो, तिला मराठी येत नाही. "मग राहू द्या," ती म्हणाली, आणि त्या आठवड्यात माझ्याशी फार बोलली नाही. शेवटी कॉलेजने मला स्कीच्या वर्कशॉपमध्ये बसवलं. खिडकीच्या आत, जमिनीवर.

रकानने आवाजाचा निरोप पाठवला होता. "अम्मी, हाड जुळलं, त्याचं काही नाही. पण मी दोन महिने फहदशी बोललो नाही. तो माझ्या शेजारच्या खोलीत राहतो." तो निरोप मी एकदाच ऐकला.

खिडकी

फहद टीममध्ये परत आला. माझ्या खिडकीवर मात्र तो येईना. वर्कशॉपमध्ये माझं मुख्य काम बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं. ती फार घट्ट झाली तर पडताना पाय मोडतो, फार सैल झाली तर हवेतच स्की निघून जाते. मुलाचं वजन विचारायचं, बुटाचं माप घ्यायचं आणि स्क्रू फिरवून आकडा लावायचा. फहद आपल्या स्की कॅप्टनकडून लावून घ्यायचा. सगळे बघत होते.

मग स्पर्धा आली. तीन कॉलेजांच्या टीम आमच्या उतारावर. सकाळपासून कॅप्टन पाहुण्यांत आणि पंचांत अडकला. सरावाच्या उडीत फहदच्या एका बाइंडिंगने आवाज केला. मी खिडकीतून बघत होतो. तो कॅप्टनकडे गेला, थांबला, घड्याळ बघितलं आणि माझ्या दिशेने चालू लागला. मागे रकान, तोंडात सँडविच.

त्याने स्की काउंटरवर ठेवल्या.

"वजन?" मी विचारलं.

"बासष्ट."

मी आकडा लावला. तो स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाकडे बघत होता. मी आकडा पुन्हा एकदा तपासला. पुढची पकड, मागची पकड, दुसरी स्की. त्याने स्वतः बूट अडकवून, वाकवून, सोडवून पाहिलं. तीनदा. मग स्की काखेत घेतल्या आणि काउंटरवरून वाकून माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं.

तो बोलला. थोडं नाही, चांगली तीन-चार वाक्यं. कानावर त्याचा श्वास लागत होता. समोर रकानचं चावणं थांबलं.

"फहद, त्या बाजूने मला काही ऐकू येत नाही," मी म्हणालो.

तो सरळ झाला. "माहीत आहे," म्हणाला, आणि रॅम्पच्या पायऱ्यांकडे गेला.

मी रकानला विचारलं, काय म्हणाला. रकानने घास गिळला. "मी नाही सांगणार, अम्मी. ते मला सांगितलेलं नव्हतं."

नंतरही दोनदा विचारून पाहिलं. एकदा बिर्याणीचं आमिष दाखवून. नाही.

वर हिरवा दिवा लागला. फहदने त्या दिवशी तीन उड्या मारल्या आणि चौथा आला. दोन्ही स्की शेवटपर्यंत पायात होत्या.